दरडीअलीकडचं लुगडं

आमच्याकडे सासरी बाई वारली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. भाऊ कितीही लांब असो, लोक त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. माझी धाकटी बहीण सासरी, सुरतेजवळच्या उधन्याला, पहाटे छातीत कळ येऊन गेली, तेव्हा नंदुरबारहून लुगडं घेऊन निघालेला तो भाऊ मी होतो.

लुगडं आईने काढून दिलं. हिरवं, जरीकाठाचं. पुढच्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी आली की नेसवायचं, म्हणून आणून ठेवलेलं. पेटी उघडताना आई रडली नाही. घडी मोडू नको, एवढंच म्हणाली.

सुरतेकडच्या या गाडीची आमच्या घरी कायम थट्टा व्हायची. बहीण आखाजीला हिनेच यायची आणि उंबऱ्यातूनच ओरडायची, "हाई गाडी शे का बैलगाडी?" त्या दिवशी मात्र नवापूरपर्यंत गाडी वेळेवर धावली. मी मनातल्या मनात तिचे आभारही मानले. नवापूर सोडून डोंगर लागले आणि ती थांबली. पुढे दरड कोसळली होती. चिखल, दगड, मुळासकट उपटलेले साग, सगळं रुळांवर येऊन बसलेलं.

डब्यात आधी कुरकुर झाली, मग चिवड्याच्या पुड्या सुटल्या. एक गृहस्थ दारात उभा राहून दरडीची रील काढत होता. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, माझ्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे ते! शेजारी बसलेल्या कापडवाल्या चाचांना मात्र काही न सांगता कळलं. खिडकीतून पाणी गळत होतं. त्यांनी आपला रुमाल पिशवीवर पसरला.

मी खाली उतरलो. दरड चढून पलीकडे जाऊ, पुढे काहीतरी मिळेल, असं डोक्यात होतं. गार्डने दंड धरला. कारण सांगितलं तेव्हा त्याचा आवाज उतरला, पण पकड सैल झाली नाही. "वरून अजून दगड येताहेत. घरात एक गेलंय ना? मग आईसाठी तरी मागे फिरा."

मी कुठवर आलो ते विचारायला मेव्हण्याचा फोन यायचा. "भाऊ, कथा शेतस तुम्ही?"

"गाडी हाली नही ऱ्हायनी. थोडं थांबा."

गाडी शेवटी उलटी नवापूरला आणली. तिथे पुलावरून पाणी चाललेलं, बसही बंद. दुपार कलली तसा मेव्हणा फोनवर रडायला लागला. "आते ठेवता येत नही तिले."

"उचला," मी म्हणालो. बहिणीसाठी मी बोललेला शेवटचा शब्द तो. तिचं तोंडही मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रूळ मोकळे झाले आणि मी पोचलो, तेव्हा राखसुद्धा गार झाली होती. बहिणीची सासू आमच्याच गावची लेक, गावनात्याने माझी फुई, म्हणजे आत्या. काय झालं ते मेव्हण्याने सांगितलं. कोणीतरी दुकानातून साडी आणायला निघालं, तेव्हा फुईने त्याला थांबवलं. स्वतःचं कपाट उघडून तिने तिच्या भावाने दिलेलं शेवटचं लुगडं काढलं. भाऊ वारल्यापासून ते तिने जिवापाड जपलं होतं, एकदाही नेसली नव्हती. ते तिने सुनेच्या अंगावर पांघरलं. "मन्ह नि तिन्ह मायेर एकच शे," एवढंच लोकांना म्हणाली.

मी पिशवीतलं लुगडं फुईच्या ओटीत ठेवलं. तिने काठावरून हात फिरवला आणि ते परत माझ्या हातात दिलं.

"ठेवी दे. मन्हा भाऊ गया. मन्हावर टाकाले आते कोन शे? मी जासू तव्हय तूच लई येजो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "घाबरू नको. पावसायाम्हा नही मरसू मी."

लुगडं पुन्हा आईच्या पेटीत आहे, त्याच घडीत. पाऊस लागला की मी फुईला फोन करतो. गाडी चालू आहे, असं सांगतो.