पत्र्याखालची हाक

आबांचा आवाज आमच्या खाडीच्या दोन्ही काठांना ठाऊक होता. आबा म्हणजे माझे वडील. सगळं आयुष्य त्यांनी होडीवर तांडेल म्हणून काढलं. इंजिनाच्या धडधडीवर आवाज चढवून खलाशांना हुकूम सोडायचे आणि तोच आवाज घरीही घेऊन यायचे. होडी लागली की धक्क्यावरून "बाय गोऽऽ" अशी हाक यायची आणि मी टोपली घेऊन धावत सुटायची. शेजारच्या काकू आईला ओरडून सांगायच्या, "अगो, तुझा घोव आला, भात टाक!" आई म्हणायची, "मी काय बहिरी नाय. अख्ख्या वाडीनं ऐकलंय."

काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. उरली एक बारीकशी हाक, "बाय." तीही नुसता श्वास सोडल्यासारखी. आई त्याआधीच गेलेली. मी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. धाकटा भाऊ मुंबईला. तेव्हा घरात आबा आणि मी.

माझा सगळा दिवस त्या हाकेवर चालतो. माजघरात त्यांची खाट, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक चिऱ्याची भिंत. मी मिक्सर लावत नाही, पाट्यावर वाटते. टीव्हीवर कापड टाकलंय. एकदा मागच्या दारी विळीवर बांगडे करत बसले होते. हाक आली, पण नेहमीपेक्षा वेगळी, अर्धीच. तशीच उठून धावले. मघाशी भरवलेली पेज उलटून घशात अडकली होती, चेहरा निळा पडलेला. कुशीवर वळवलं, खवल्यांच्या हातांनीच पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा कुठे श्वास आला. डॉक्टर म्हणाले, "जरा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं." त्या दिवसापासून माझे कान भिंतीलाच लागलेले असतात.

आणि नेमकं ह्याच घराचं छप्पर गेलं.

एकदम नाही गेलं. वांदरांनी घालवलं. पूर्वी ती रानात असायची, आता आमच्या कौलांवर त्यांचा बाजार भरतो. फणसावरून उडी मारली की थेट आढ्यावर. फटाके लावले, डबे वाजवले. चाळीस पोरांना एका आवाजात गप्प बसवलेली बाई मी, पण त्या मेल्यांनी माझ्याकडे बघून दात विचकले. फुटक्या कौलांतून पाणी झिरपून खालच्या लाकडी रिपा कुजल्या, वाशांना वाळवी लागली. गेल्या पावसाळ्यात मी आबांची खाट इकडून तिकडे सरकवत होते. गळती पाठोपाठ येत होती. एका दुपारी एक अख्खं कौल त्यांच्या उशीपासून वीतभर अंतरावर पडलं. मी पोचले तेव्हा ते त्या तुकड्यांकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर माती होती. ती मी पदरानं पुसली.

पुढच्या पावसाआधी काहीतरी करायलाच हवं होतं. मला कौलंच हवी होती. दरवर्षी आमची शाकारणी करायला, म्हणजे कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत बसवायला, एकच माणूस यायचा. त्याच्या घरी गेले. त्यानं लुंगी वर करून गुडघे दाखवले. "बाय, माझ्यानं आता वर चढवत नाय. पोरगे गेले गोव्याला. कौलावर चालणारा माणूस आता तुला मिळायचा नाय." दुसरे दोघं आले, बघून गेले, फोन उचलेनासे झाले. नवी कौलं आणून बघितली तर साचा वेगळा, खाचेत खाच बसेना. पलीकडच्या वाडीत एक घर पाडत होते, तिथली जुनी मागून आणली. टेम्पोतून उतरवेपर्यंत निम्मी तडकली. काय बोलायचं!

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, कशाला जीव काढतेस? पत्रे घाल. लोखंडी पाईप, वर रंगीत पत्रे, आठवड्यात काम खलास. मग वर वांदर नाचोत नाहीतर लग्न लावोत."

"आणि आवाज?"

"कसला आवाज?"

"पावसाचा रे. आबांची हाक कशी ऐकू येणार मला?"

तो म्हणाला, "बेल पाठवतो."

शेजारच्या काकूंनी आदल्या वर्षीच पत्रे घातले होते. त्यांच्या घरी जाऊन ऐकायचं ठरवलं, पण उन्हाळ्यात पाऊस आणायचा कुठून? एके दिवशी अवकाळी आला, तशी काकूंना आबांजवळ बसवून मी त्यांच्या घरात जाऊन उभी राहिले. वरून कुणी खडीचा ट्रक रिकामा करतंय असं वाटलं. काका बाकावर बसलेले. हाताच्या अंतरावरून ते मला काहीतरी सांगत होते आणि मला फक्त त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. मी भिजत घरी परत आले. काकू म्हणाल्या, "सवय होते गो. आमी तर बोलतच नाय पावसात."

सगळे जण शेवटी एकच म्हणायचे, "तूच काय ते ठरव." भाऊ म्हणाला, काकू म्हणाल्या, पत्रेवालाही म्हणाला. वा! म्हणजे उद्या काही झालं तर ठरवलं कुणी, हिनं. पत्रेवाल्यानं एवढं सांगितलं की खालून सीलिंग मारलं तर आवाज बराच कमी होईल, "पण आता नाही जमायचं मॅडम, गणपती झाल्यावर बघू." शेवटी आबांनाच विचारलं. ह्या माणसानं आयुष्यात दुसऱ्या कुणाला काही ठरवू दिलं नव्हतं. ते वर कौलांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग डावा हात थोडासा उचलला आणि उताणा करून परत खाली ठेवला. म्हणजे त्यांचंही तेच, तूच ठरव. मला राग आला. मागच्या दारी जाऊन मी रडले, रागानंच रडले. ओल्या गादीवर, पडक्या कौलांखाली ठेवायचं त्यांना, की कोरड्या घरात, जिथे त्यांची हाकच पोचणार नाही? दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि मी पत्रेवाल्याला फोन केला. विचार करून केला असं म्हणवत नाही. भ्यायले आणि केला.

पत्रे झाले. घर कोरडं खट्ट. एक थेंब नाही, वांदर वरून घसरून पडतात, तेही बघायला मिळालं. आणि मग पाऊस लागला तो लागलाच. बेल आली होती, आबांच्या डाव्या हाताशी ठेवली. एक तर त्यांनी आयुष्यात बेल दाबून कुणाला बोलावलं नव्हतं. आणि काकूंना दाबायला सांगून बघितली तर पावसात मला स्वयंपाकघरात ऐकू येईना. मग जाळ्याची दोरी त्यांच्या मनगटाला बांधली, भिंतीच्या वरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला, चुलीसमोर, लाल चिंधी लटकवली. हात हलवला की चिंधी हलणार. चिंधी वाऱ्यानंच हलायची. मी धावत जायची, ते झोपलेले असायचे. आणि कधी ती ढिम्म असायची आणि ते जागे.

मग मी कामं सोडून सारखी दाराशी जाऊन बघायला लागले. जुलैत अशीच एकदा भाकरी तव्यावर टाकून गेले तर त्यांचे ओठ हलत होते. ब, य. ब, य. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे दारावर. मी समोर उभी होते आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कधीपासून हाका मारत होते कुणास ठाऊक. खालचं सगळं ओलं झालं होतं, आणि ते पावसानं नव्हतं. मी त्यांना स्वच्छ केलं, कपडे बदलले. "आले ना आबा, आले ना," असं वर्गातल्या आवाजात ओरडत होते. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. भाकरी जळून कोळसा झाली.

गणपती झाले. सीलिंगवाला अजून उगवलेला नाही. आता पाऊसही गेलाय, कडक ऊन पडतंय, दुपारी पत्रे तापून टक टक वाजतात, एवढाच काय तो आवाज. उतरवलेली कौलं फणसाखाली रचून ठेवलीत. स्वयंपाकघरात इतकं शांत असतं की आबांच्या खाटेचं करकरणं ऐकू येतं. मी विळीवर बसते, हात थांबवते, कान देते. हाक येत नाही. जाऊन बघते तर कधी तहान लागलेली असते, कधी पाठ अवघडलेली असते, आणि ते नुसते दाराकडे बघत पडलेले असतात.

परवा पेज भरवताना म्हटलं, "आबा, पाऊस संपला. आता ऐकू येतं मला. मारा की हाक."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मी चमचा खाली ठेवला, वाट बघत राहिले. ते पुढच्या घासासाठी उघडलेलं होतं.