डावरीची गोधडी

डावरीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात खिडकीशी तिचं टेबल होतं. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, बटणं तुटलेले डगले तिच्यापुढे येऊन पडायचे आणि ती डाव्या हातानं ते सांधून पुढे सरकवायची. मुकादम म्हणायचा, "डावरे, तू माणसं शिवायला हवी होतीस, उसवली तरी नसती." ती हसायची. हसण्याजोगं त्यात काही नसायचं, पण मुकादमाच्या विनोदाला हसावंच लागतं.

लग्न तिनं केलं नाही. करायच्या वयात थोरल्या बहिणीनं आपली तान्ही पोर तिच्या ओटीत टाकली. "आमचं जरा बस्तान बसेपर्यंत सांभाळ," म्हणाली. ते बस्तान बसेपर्यंत पोर स्वतःची वेणी स्वतः घालायला लागली. मग एका सकाळी थोरली नवऱ्याला घेऊन उगवली, पोरीचे कपडे पिशवीत कोंबले आणि दारातच बजावलं, "आजपासून हिला मावशी म्हणायचं. आई मी." पोर शहाणी. एका दिवसात तिनं जिभेला वळण लावलं. डावरीला ते कधीच जमलं नाही. मनातल्या मनात ती स्वतःला आईच म्हणायची.

आता त्या पोरीला मुलगी झाली होती. डावरीनं गोधडी शिवायला घेतली. कोरं कापड तान्ह्याला टोचतं, म्हणून धुऊन धुऊन विरत आलेल्या घरच्या चादरी काढल्या. कापलेला प्रत्येक तुकडा आधी ओठांवरून फिरवायचा, ही तिची पद्धत. सुईनं बोटं इतकी निबर झाली होती, की मऊ काय नि खरखरीत काय, त्यांना कळायचं नाही. ओठाला खुपलं, की तुकडा बाद.

शिवणही तिची उफराटी. कडेपासून आत आत धावदोऱ्याचे फेरे घालायचे, पण इतर बायका ज्या बाजूनं जातात त्याच्या विरुद्ध बाजूनं. लहानपणी पोर समोर बसून सुया ओवून द्यायची आणि म्हणायची, "सगळ्यांचा दोरा जातो, तुझा येतो."

ती गोधडी बाळाच्या अंगावर पडावी आणि पोरीनं चारचौघांत म्हणावं, ही माझ्या मावशीनं शिवली. बस, एवढंच डावरीला हवं होतं. आई म्हण, असं तिचं म्हणणं नव्हतंच.

गोधडी पुरी झाली आणि थोरली दारात हजर. "तू आत्ताच येऊ नकोस गं. तिच्या सासरची माणसं आहेत, घरात बसायला जागा नाही. रविवारी ये निवांत. ही मी नेते, बाळाला आजपासून होईल." बहिणीपुढे डावरीची नेहमी दातखीळ बसायची. तिनं गोधडीची घडी घातली, कागदात गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं देऊन टाकली. बावळटपणा म्हणतात तो हाच.

रविवारी ती थोरलीच्या घरी गेली. पोरीची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि बाळ गोधडीत होतं. डावरीला बरं वाटलं, अगदी मनापासून. तेवढ्यात सासू थोरलीला म्हणाली, "विहीणबाई, काय सफाई आहे हो तुमच्या हाताला. एवढे बारीक टाके आता कोण घालतं?"

साधं बटण लावायला जिला शिंपी लागतो, ती थोरली डावरीकडे न बघता म्हणाली, "लेकीसाठी एवढंही नको का करायला?"

डावरीनं पोरीकडे पाहिलं. पोरीचं बोट शिवणीवरून चाललं होतं. कडेपासून निघून वळलं, थोडं आत गेलं आणि थांबलं. तिनं मान वर केली. तिला कळलं होतं, यात तिळमात्र शंका नव्हती.

"आईचा हात चांगलाच आहे," पोर म्हणाली. मग सासूला सांगितलं, "आणि ही माझी मावशी. लहानपणी मला सांभाळायला असायची."

सांभाळायला असायची. पगारी बाईची ओळख करून द्यावी तशी. डावरी समोरचा चहा प्यायली आणि उठली. बाळाला घे, असं तिला कुणी म्हटलं नाही आणि मागायची तिची हिंमत झाली नाही.

पोर जिन्यापर्यंत मागे आली. हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. सासूबाईंसमोर आईला खोटं कसं पाडू? तू घरचीच आहेस, समजून घेशील." मग जरा घुटमळली. "अजून एक शिवशील? ही धुवायला टाकली, की बाळाला दुसरी नाही. झाली की आईकडे दे."

डावरीनं चपला घातल्या. जन्मात पहिल्यांदा तिला पोरीला दुखवावंसं वाटलं.

"आईलाच सांग," ती म्हणाली. "तिचा हात चांगला आहे."

पोरीचा चेहरा पडला. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तशी ती वळून घाईनं आत गेली. डावरी कठडा धरून खाली उतरू लागली. आयुष्यात एकदा तरी बोलले, याचं समाधान दोन पायऱ्याही टिकलं नाही. बाळाला तिनं अजून हातही लावला नव्हता, आणि आता या घरात तिला बोलावण्याचं काही कारणही उरलं नव्हतं.