ओठ न हलवता

मी नापास झाल्याची बातमी माझ्याआधी गल्लीत पोहोचली. परीक्षा केंद्राच्या बाहेर उभी राहून मी नवऱ्याला फोनवर कसंबसं सांगितलं, त्यानं ते घरी आत्तींना सांगितलं आणि आत्तींनी गॅलरीत येऊन समोरच्या घराला. मी मंगळवार पेठेत शिरले तोवर पिठाच्या गिरणीपाशी थांबलेल्या बाईलासुद्धा माहीत झालं होतं. "जाऊ दे गं, पुन्यांदा बस की. त्यात काय!" ती म्हणाली. मी हसले, पण आतून अंगाचा तिळपापड झाला होता.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोल्हापुरात सासूला आत्तीच म्हणतात, आणि जुन्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. त्यांचा आवाज खणखणीत. हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं त्यांचं ठाम मत. माझं नापास होणं त्यांनी लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं त्यात काही आहे हेच त्यांना पटलं नसतं. "ताप आला तर सांगतोच की आपण," त्या म्हणाल्या.

परीक्षा क्लाऊडची होती. कंपन्या हल्ली आपली कामं भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर चालवतात. ते उभे करायचे, सांभाळायचे, एक बंद पडला तर गिऱ्हाइकाला कळायच्या आत दुसरा पुढं करायचा, हे या बाईला येतं असं सांगणारं ते सर्टिफिकेट. मी हे काम घरी बसून करतच होते, पण येणं वेगळं आणि कागद वेगळा. मॅनेजरनं कॉलवर आडपडदा न ठेवता सांगितलं, की तिमाही संपायच्या आत पास झालीस तर तू या टीममध्ये, नाहीतर तुझं काम पुण्याच्या लोकांकडं जाईल आणि तुला द्यायला माझ्याकडं दुसरं काही नाही. माझी लेक पहिलीत, नवऱ्याचं दुकान इथं. कोल्हापूर न सोडता असं काम मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघितली होती. ते हातातून जाऊ द्यायला मी तयार नव्हते.

अभ्यासाला लागले. माझी अभ्यासाची पद्धत शाळेतलीच. आमच्या बाई म्हणायच्या, आवाज ऐकू आला तरच वाचलंस म्हणायचं. सबंध वर्ग एका सुरात पाढे, कविता, नद्यांची नावं घोकायचा. इंजिनिअरिंगसुद्धा मी गच्चीवर येरझाऱ्या घालत मोठ्यानं बोलूनच पार केलं. आता सकाळी स्वयंपाकघरात आत्ती मेथी नाहीतर गवार निवडत बसायच्या आणि मी ओट्याला टेकून बोलत सुटायचे. एक सर्व्हर पडला तर काय, दोन पडले तर काय, सगळा गावच अंधारात गेला तर काय. आत्तींना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण मी थांबले की त्या मान वर न करता विचारायच्या, "मग?"

त्या 'मग'नं मला घाम फोडला. 'मग' म्हटल्यावर पुढचं यायलाच हवं. नाही आलं, तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पहिल्या खेपेला मी जिथं जिथं गडबडले होते, ते सगळं या 'मग'खाली हळूहळू सरळ होत गेलं.

अडचण वेगळीच निघाली. तिमाही संपायच्या आत केंद्रावर जागाच शिल्लक नव्हती. घरून परीक्षा देता येत होती, पण तिचे नियम कडक होते. परीक्षा संपेपर्यंत कॅमेरा चालू राहणार. कुठंतरी लांब बसलेला निरीक्षक आपल्याकडं बघत राहणार. खोलीत दुसरं माणूस आलं की परीक्षा रद्द. कुणाचा बोलण्याचा आवाज आला, तरी रद्द. रद्द म्हणजे नापासच, वर पुन्हा बसायला काही दिवस थांबायचं. तेवढे दिवस माझ्याकडं नव्हते.

आणि आमच्या घरी दिवसा दार लावायची रीतच नाही. दार लावलं म्हणजे आत भांडण झालं, असं गल्ली धरून चालते. माडीवरच्या माझ्या खोलीच्या दाराला तर आतून कडीच नव्हती. मागं एकदा ऑफिसचा कॉल चालू असताना आत्ती चहा घेऊन आल्या, स्क्रीनवर मॅनेजर दिसल्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, "च्या घेनार काय, पावणं?" मॅनेजर खळखळून हसला होता. निरीक्षक हसणार नव्हता.

मी सुताराला बोलावून कडी बसवून घेतली. आत्ती जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. सुतार गेल्यावर त्यांनी विचारलं, "कशापायी गं ही कडी?"

"परीक्षेसाठी."

"परीक्षा काय दार ढकलून आत येनार हाय?"

मी दमले होते, धास्तावले होते. म्हटलं, "आत्ती, त्या वेळी कुणी आत आलं तर माझी नोकरी जाईल. कुणीसुद्धा."

"कुणी म्हंजे मीच की. दुसरं कोन येतंय वर?"

"हो, तुम्हीच," मी म्हणाले. खोटं बोलून काय होणार होतं? रोज त्याच तर वर येत होत्या.

आत्ती खाली गेल्या, त्या गप्पच झाल्या. गॅलरीत जाणं बंद, समोरच्या घराशी बोलणं बंद. भांडीसुद्धा न वाजवता ठेवायला लागल्या. मला जी शांतता हवी होती ती अशी फुकट घरात येऊन बसली, आणि तिच्यात मला एक ओळ वाचता येईना. मी ओट्याला टेकून बोलायला लागले, तर त्या गवार उचलून मागच्या अंगणात निघून गेल्या. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या दोघींच्यात मला ओढू नका." चांगलं आहे! मी शेवटचे दिवस भिंतीला समजावून सांगत काढले. भिंत 'मग?' म्हणत नाही.

परीक्षेच्या सकाळी लेकीला नणंदेकडं धाडलं होतं. आत्तींनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवली. मी वर गेले, कडी लावली, लॅपटॉप उचलून निरीक्षकाला चारही भिंती, छत, टेबलाखालची फरशी सगळं दाखवलं. त्यानं हात, बाह्या, कान दाखवायला लावले. मग पहिला प्रश्न आला.

चार-पाच प्रश्न झाले असतील. स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट उघडली. निरीक्षकानं लिहिलं होतं, ओठ हलवू नका.

मी टाइप केलं, बोलत नाही, फक्त वाचतेय.

उत्तर आलं, वाचतानाही नाही. पुन्हा दिसलं तर परीक्षा थांबवावी लागेल.

मी बधिर झाले. सगळं घर मी गप्प केलं होतं, सासूला कडीबाहेर ठेवलं होतं, आणि आवाज करणारी बया इथं खुर्चीत बसली होती! मला हसू येत नव्हतं. ओठ आवळले आणि प्रश्न वाचला. काही कळलं नाही. पुन्हा वाचला. डोळे ओळीवरून जात होते, आत काही उतरत नव्हतं. नकळत तोंडावर हात गेला. चौकट लगेच उघडली, हात चेहऱ्यावरून काढा. मी हात मांडीवर ठेवले, जीभ दातांत धरली. वरच्या कोपऱ्यात वेळ पळत होता.

मग मी डोळे स्क्रीनवरच ठेवून मनात आत्तींना समोर बसवलं. एक ओळ वाचायची आणि थांबायचं. मग? पुढची ओळ. मग? जीभ दातांखाली ठणकत होती, पण प्रश्न आत उतरायला लागले. एक सुटला, दुसरा सुटला. मी वेगानं पुढं जायला लागले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा सुरू झाला. भाजीवाल्याची गाडी. कांदे, बटाटे, टमाटे, भाव ओरडत तो जवळ येत चालला, आणि मी चौकटीकडं बघत राहिले, आता उघडते की मग उघडते. भोंगा आमच्या दाराशी आला आणि मध्येच बंद पडला. का पडला ते कळलं नाही. मग जिन्यात पावलं वाजली. एकेक पायरी करत वर आली, माझ्या दारापर्यंत. दारावर एक थाप पडली, एक हाक आली, की सगळं संपलं.

थाप पडली नाही. हाक आली नाही. पावलं परतही गेली नाहीत. मी दाराकडं मान वळवू शकत नव्हते, कारण मान वळवली तर तेही त्याला दिसलं असतं. तशीच पुढचा प्रश्न वाचत राहिले.

शेवटचं बटण दाबलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग पास हा शब्द आला. मी तो तीनदा वाचला, अजून ओठ न हलवता. कॅमेरा बंद झाल्याची खात्री केली आणि टेबलावर डोकं ठेवून रडले.

दार उघडलं तर आत्ती वरच्या पायरीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, पदर तोंडावर घट्ट धरून. त्यांनी माझे डोळे बघितले आणि त्यांना वाटायचं ते वाटलं. पदर बाजूला करून त्या कुजबुजल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी कुजबुजताना ऐकलं नव्हतं. "ऱ्हाऊ दे. पुन्यांदा बस. मी हितंच बसतो की परत. त्या भाजीवाल्याला लांबनंच हात करून गप केला, बोललो न्हाय."

मला उत्तर द्यायचं होतं. पण जीभ सुजली होती, आवाज फुटेना. मी त्यांचे हात धरले आणि कसंबसं म्हटलं, "पास झाले, आत्ती."

त्या उठल्या, माझा दंड धरून मला गॅलरीत ओढत नेलं आणि म्हणाल्या, "ऐकू न्हाय आलं. मोठ्यानं सांग."

त्यांना सगळं ऐकू आलं होतं, हे मला माहीत होतं. समोरच्या घरात पडदा हलला. मी कठडा धरला, आणि जन्मात कधी ओरडले नव्हते इतक्या मोठ्यानं ओरडले.