मावळतीकडची रिंग

आमच्या धाराशिवात मुलगी खो-खो खेळते म्हटलं की लोक कौतुकानं मान डोलावतात. बास्केटबॉल म्हटलं की विचारतात, "उंची हाय का तेवढी?" माझ्या मुलीला उंची होती आणि हातही होता. अकरावीत आली तोवर संघाची सगळी भिस्त तिच्यावर होती, आणि मला कायमची धास्ती.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. काळजी वाटली की बाकीच्या बायका उपवास धरतात, मी टक्केवारी काढते. एका सामन्यात तिनं शेवटचे फ्री थ्रो घालवले, सामना गेला, आणि मैदानावर कुजबुज सुरू झाली: पोरगी ऐनवेळी कच खाते. मला ते झोंबलं. मग प्रत्येक सामन्याला मी मोबाईल घेऊन बसू लागले. तिची प्रत्येक फेक टिपायची, सुरुवातीच्या वेगळ्या, शेवटच्या मिनिटांतल्या वेगळ्या. आकडे माझ्या लेकीच्या बाजूनं बोलतील अशी खात्रीच होती. ते फितूर झाले. शेवटच्या मिनिटांत तिचा नेम खरोखरच ढासळत होता.

फायनलच्या आठवड्यात तिच्या सरांनी मला गाठलं.

"मॅडम, तुम्ही काढलंय म्हणं काहीतरी."

खोटं बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

"पोरगी लई गुणाची हाय," ते म्हणाले, "पण शेवटच्या टायमाला बाहेर बसवावं लागंल. संघ बी बघावा लागतो."

त्या संध्याकाळी मुलगी जेवायला बसली नाही. एवढंच म्हणाली, "आकडे तूच दिलेस ना?" मी भाकरी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तासाला माझं लक्ष नव्हतं. एक गोष्ट टोचत होती. नळदुर्गला झालेल्या सामन्यात ती शेवटपर्यंत चुकली नव्हती. तो सामना मी 'अपवाद' म्हणून बाजूला सारला होता. पोरांना मी रोज बजावते की अपवाद फेकायचा नसतो, त्याला आधी विचारायचं असतं. स्वतःवरच चिडत संध्याकाळी मैदानावर गेले आणि फ्री थ्रोच्या रेषेवर, जिथं ती उभी राहते तिथंच, उभी राहिले. समोर बोर्डाच्या कडेला मावळता सूर्य. रिंग दिसतच नव्हती.

आमच्या सरांचा एक नेम आहे. बाजू निवडायची वेळ आली की पहिला अर्धा खेळ उगवतीच्या रिंगवर. श्रीगणेशा पूर्वेला तोंड करूनच. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा आमच्या पोरी ऐन मावळतीच्या उन्हात. पाहुण्या संघानं उलट बाजू भोगलेली असते ती सूर्य अजून वर असताना. आमचं मैदानही नेमकं पूर्व-पश्चिम आखलेलं. नळदुर्गचं तसं नव्हतं. मी ज्याला दबाव म्हणून मोजत बसले, त्यात निम्मं तरी ऊन होतं.

"मग बोलली का नाहीस?" मी मुलीला विचारलं.

"चुकल्यावर ऊन लागलं म्हणायचं? हसतील की सगळ्या."

सरांना रेषेवर नेऊन उभं केलं. डोळ्यांवर हात धरून ते बराच वेळ बघत राहिले. "इतकी वर्षं पोरींना उन्हात उभं करतोय व्हय मी?" म्हणाले. फायनल आमच्याच मैदानावर होती; त्यांनी उगवतीला हात जोडले, मावळतीची रिंग आधी मागून घेतली आणि पोरीला शेवटी बाहेर बसवायचं सोडून दिलं.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट भीतीच वाढली. आता ऊन तिच्या पाठीशी होतं. आता चुकली तर ती खरंच कच खाते हे सिद्ध होणार, आणि सिद्ध करणारी मीच.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. बॉल आमच्याकडं होता, पण आमच्या पोरी तो गरम तव्यासारखा एकमेकींकडं टाकत होत्या. कुणीच रिंगकडं बघेना. तेवढ्यात माझ्या मुलीनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "इकडं दे!"

बॉल तिच्याकडं आला. दोघी अंगावर आल्या असताना तिनं फेकला. रिंगवर आदळला, कडेनं फिरला आणि बाहेर पडला. सामना संपल्याची शिट्टी वाजली. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "बघा, म्हणलं नव्हतं का?"

अंगठा सवयीनं मोबाईलवर गेला होता. तिच्या नावापुढं आणखी एक चूक मांडायची होती. ज्यांनी बॉल मागितलाच नाही, त्यांच्या नावापुढं कुणीच चूक मांडणार नव्हतं. मला रडू आलं, आणि मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. हात धुता धुता म्हणाली, "आई, पुढच्या मॅचला ये. पण नुसती बघायला ये."