बिनतळाची नाव

…आणि तिसऱ्यांदाही घंटा वाजली. रोशींची, म्हणजे मठातल्या गुरूंची, ती मुठीएवढी घंटा किणकिणली की शिष्याची मुलाखत खलास. वाक्य अर्धं असलं तरी गिळायचं, नमस्कार करायचा नि बाहेर पडायचं. तोकुमात्सु बाहेर आला तो कानापर्यंत लाल होऊन.

तोकुमात्सु आमच्या खाडीतला कोळी. थोरला भाऊ वादळात गेला तेव्हापासून यानं नावेत पाय ठेवला नव्हता. नाव वाळूवर पालथी पडलेली, आणि बायको फुमिनो लोकांची मासळी वाळवून घर चालवायची. हा मात्र टेकडीवरच्या झेन मठात ध्यानाला बसे. म्हाताऱ्या रोशींनी त्याला कोडं घातलं होतं : बिनतळाच्या नावेतलं पाणी उपस. आता रोशी थोरल्या मठात कायमचे निघाले होते. त्याआधी कोडं सुटलं तर मन निवेल, मन निवलं की समुद्राची भीती जाईल, एवढ्या एका आशेवर गडी बसला होता.

त्यात आमच्या हिसायोबाई. तरुणपणी हिंदुस्थानात राहून आलेल्या, गावच्या सभागृहात योग शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, मन म्हणजे तळं, विचार म्हणजे लाटा. लाटा निवल्या की तळ दिसतो, आणि बघणारा त्या लाटांहून निराळाच असतो. तोकुमात्सु असा हरखला की तडक मठात गेला. नाव म्हणजे देह, पाणी म्हणजे विचार, आणि मी काठावरून बघणारा, असा सगळा अर्थ त्यानं एका दमात लावून दाखवला. रोशींनी डोळे मिटून ऐकलं.

"काठावर ना? मग भिजला कोण?" असं म्हणून त्यांनी घंटा उचलली. तीच ही तिसरी.

हिसायोबाईंना हे कळलं तेव्हा त्या पोटभर हसल्या. म्हणाल्या, लाटा निववायला सांगितल्या होत्या बाबा, समुद्र आटवायला नव्हे. पण ऐकतो कोण!

रोशी निघायच्या दिवशी पहाटेपासून धुकं होतं. खाडी दुधासारखी पांढरी, आभाळ कुठं संपतं नि पाणी कुठं सुरू होतं कळेना. तोकुमात्सु किनाऱ्यालगतच्या आपल्या घराच्या ओसरीवर अर्धे डोळे मिटून श्वासामागे श्वास सोडत बसला होता. समुद्री शेवाळ कापायचे दिवस. फुमिनोनं त्याला चारदा विचारलं होतं, येता का म्हणून. शेवटी तिनं एकटीनंच नाव लोटली. पण नाव इतके दिवस कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात; आधी ती पाण्यात बुडवून फुगू द्यावी लागते. फुमिनो डोंगराकडची, तिला ते ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो ध्यानात होता.

धुक्यातून हाक आली, "अहो!"

तोकुमात्सुनं मनाशी म्हटलं, ही एक लाट. येऊ दे, जाऊ दे.

पुन्हा हाक आली. हीही लाट, तो म्हणाला, आणि आपण किती स्थिर आहोत याचं त्याला जरा कौतुकच वाटलं.

"अहो लाकडाच्या ओंडक्या, नाव भरतेय इथे!"

मग कसलं ध्यान. पाय कधी उचलले, पाणी गुडघ्याला लागलं की छातीला, त्याला काही कळलं नाही. फुमिनो गडबडीत शेवाळाच्या टोपलीनंच पाणी उपसत होती आणि त्याच्या नावानं बोटं मोडत होती. हा नावेत चढला, लाकडी डोल उचलला आणि उपसत सुटला. समुद्राची भीती होती तिथंच होती, पण तिच्याकडे बघायला सवड कुणाला? कशीबशी नाव उथळ पाण्यात आली. दोघं खाली उतरून तिला ओढू लागली, पण पाण्यानं जड झालेली नाव हलेना.

तेवढ्यात किनाऱ्याच्या वाटेनं, पाठीला गाठोडं बांधून, रोशी आले. धुक्यात नुसतीच टोपी तरंगत आल्यासारखी. ते थांबले आणि जाता जाता शेवटचं विचारावं तसं म्हणाले, "काय रे, बिनतळाच्या नावेतलं पाणी उपसलंस?"

तोकुमात्सुनं मान वर केली नाही.

"ते मागाहून बघू, रोशी. आधी चपला काढा आणि त्या टोकाला धरा, फुमिनोचे हात भरून आलेत."