तोडीतली कापलेली अकरा मिनिटं

विलासने मला फसवलं. घोडपदेवच्या आमच्या चाळीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, माझ्याच वयाचा विलास. माझ्या वडिलांची कॅसेट मी त्याच्या हातात दिली, त्याने ती कापली आणि कापलेला माल 'शुद्ध केलेला' म्हणून चाळीच्या ग्रुपवर वाटला. मी सुरतेच्या बाजारात चाळीस वर्षं कापड विकते आहे. आखूड ताका पूर्ण म्हणून गळ्यात मारणारे पुष्कळ भेटले. त्यांना तोंडावर चार शब्द सुनावले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याचकडून माल घेतला. हे तसं मिटणारं नाही, म्हणून लिहिते आहे. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये जे राहतात त्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, डोंबिवलीला, नाशिकला, न्यू जर्सीला, त्यांनीही वाचावं.

मी घर सोडलं ती सकाळच त्या कॅसेटवर आहे. तेव्हा तिथूनच सांगते.

गिरणी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. माझे वडील, ज्यांना सगळी चाळ नाना म्हणायची, साचेखात्यात होते. सतत मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान अर्धे गेले होते. आणि हाच माणूस चाळीतल्या गाण्याच्या बैठकीत तंबोरा धरायचा! लोक हसायचे. नाना तंबोऱ्याच्या भोपळ्याला जबडा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि तारा जुळवायचे. हाडातून ऐकू येतं म्हणायचे. त्यांचा तंबोरा कधी उतरलेला कोणी ऐकला नाही. फक्त बोलताना आवाज मोठा. साच्यावर आयुष्य गेलेल्याला कुजबुजता येत नाही.

बैठक दर रविवारी सकाळी आमच्याच खोलीत. गायचे आत्मारामबुवा, आठवडाभर पोस्टात शिक्के मारणारे. गाणं सुरू होण्याआधी एक रिवाज होता. नाना प्रत्येकाला विचारायचे, "सध्या काय कानात?" त्या आठवड्यात काय ऐकलं ते सांगायचं. रेडिओवरचं, कोणाच्या टेपवरचं, देवळातलं, काहीही. 'काही नाही' म्हणणाऱ्याला चहा नाही. रेकॉर्डिंगचा व्यवहारही तिथेच. विकायचं नाही, एक द्यायचं आणि एक घ्यायचं. घासाघीस मी तिथे शिकले. माझ्या एका मारव्याच्या बदल्यात समोरच्याच्या दोन भैरवी मी काढून घ्यायचे. त्यावर नानांचा एकच नियम होता: "कॉपी घ्यायची तर तंबोरा जुळवण्यापासून शेवटच्या खोकल्यापर्यंत. मधलं कापलं तर ते गाणं नाही, चोरी."

त्या रविवारी मी निघणार होते. सुरतेचा मामा न्यायला आला होता. तिथे त्याच्या ओळखीच्या कापडाच्या दुकानात मला काम मिळणार होतं. घरात दुसरं कोणी कमावतं नव्हतं. बुवांची तोडी रंगात आली होती. विलास टेपरेकॉर्डरजवळ बसला होता, बटण दाबायचं काम त्याचं. खाली मामाच्या टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी ट्रंक उचलली, बुवांना वाकून नमस्कार केला, नानांच्या पाया पडले. नानांनी तंबोरा सोडला नाही. मान हलवली, "नीट जा" म्हणाले, बोटं तारांवरून फिरतच राहिली. आई दारापर्यंत आली. म्हणाली, "रागावू नको गो, त्यांचा तसाच."

तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत जिन्यात ती तोडी माझ्या मागे येत होती. पायरीगणिक माझं डोकं तापत होतं. पोटची मुलगी गाव सोडते आहे आणि बापाला गाणं थांबवता येत नाही? टॅक्सीत बसले तेव्हाही वरून तंबोरा ऐकू येत होता. मी काच वर केली.

तो राग मी सतरा वर्षं जपला. सुरतेत कटपीस घेऊन दारोदार फिरले. पहिला शेठ म्हणाला होता की मराठी बाईला भाव करता येत नाही. दोन वर्षांनी तोच माझ्याकडे माल ठेवायला लागला. पुढे स्वतःचं दुकान झालं. दुकानात दिवसभर माझं गाणं चालू असायचं. शेजारचे विचारायचे, "शालूबेन, आ शुं लगाड्युं छे? कोण रडे छे?" मी आवाज वाढवायचे. भावात नमले नाही, गाण्यात कशाला नमू? आठवड्याला आईला फोन करायचे. नाना फोनवर आले की ओरडून विचारायचे, "शाले, सध्या काय कानात?" मी म्हणायचे, "काही नाही." मला माहीत होतं की त्याचा अर्थ काय होतो. म्हणूनच म्हणायचे.

नाना गेले. तेराव्याला आईने एक कॅसेट दिली, त्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. तुझ्यासाठी ठेवलेली, एवढंच म्हणाली. सुरतेला परतल्यावर एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, लावली. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूवर त्रेचाळीस मिनिटं. आधी नाना तंबोरा जुळवताहेत आणि कोणावर तरी ओरडताहेत. मग तोडी. मध्ये नळ येतो, बायका उठतात, हंडे आपटतात, बुवा नुसता षड्ज लावून थांबतात आणि नाना म्हणतात, "भरू द्या बुवा, पाणी सुरातच पडतंय." मग हॉर्न. माझा आवाज. "नीट जा." दार. त्यानंतर बुवा गायचं थांबतात आणि म्हणतात, "अहो नाना, जा की खाली. पोरगी निघाली."

आणि नाना त्यांच्या त्या गिरणीच्या आवाजात म्हणतात, "तुम्ही गा हो. तंबोरा थांबला तर तिला जिन्यात ऐकू यायचं बंद होईल."

दुकानाचं शटर मी त्या दिवशी भर दुपारी ओढलं.

आता फसवणूक. कॅसेट चिकटायला लागली होती, वाजवायला यंत्रही धड उरलं नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेला विलास आता जुन्या टेपा कॉम्प्युटरवर चढवतो. चाळीच्या गाणंवाल्यांचा ग्रुप त्यानेच काढला. दर रविवारी त्यावर तो नानांचाच प्रश्न टाकतो, सध्या काय कानात, आणि जगभर पांगलेले आपण सगळे उत्तरं लिहितो. मी स्वतः मुंबईला जाऊन त्याच्या हातात कॅसेट दिली. बजावून सांगितलं, "अख्खी उतरव. नानांचा नियम."

"शाले, मला सांगतेस?" तो म्हणाला. "तो नियम माझ्या कानाशी ओरडून सांगितलाय त्यांनी. कान अजून दुखतोय."

पुढच्याच रविवारी ग्रुपवर फाइल आली. आत्मारामबुवा, तोडी, शुद्ध केलेली प्रत, बत्तीस मिनिटं. पहिल्या सेकंदाला बुवांचा आलाप. जुळवणं नाही, नळ नाही, हॉर्न नाही, मी नाही, नाना नाहीत. खाली वाहवांची रांग. 'क्रिस्टल क्लिअर!' 'स्टुडिओत बसल्यासारखं वाटलं.' आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून ज्यांनी गाणं ऐकलं, नानांचा चहा प्यायला, त्यांना आता स्टुडिओ हवा होता.

फोनवर मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. दोन दिवसांनी त्याच्या एकोणिसाव्या मजल्यावर जाऊन उभी राहिले. त्याची बायको सुनंदा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "शालूताई, बसा तरी. लिफ्टने आलात ना, मग एवढा दम कशाने लागला?"

"रागाने," मी म्हटलं. "विलास, माझी अकरा मिनिटं कुठायत?"

"अगं, ते घरगुती होतं गं. ऐकणाऱ्याला गाणं हवं असतं. नानांचा आवाज फार डिस्टर्ब करत होता."

"तुला आत्ता डिस्टर्ब झाला? तेव्हा तर मशीनजवळ तूच बसला होतास. तंबोऱ्याबद्दल ते काय म्हणाले ते तू ऐकलंस."

तो चहा ढवळत बसला.

"ऐकलंस की नाही?"

"ऐकलं."

"मग सतरा वर्षांत एकदा तरी मला सांगावंसं वाटलं नाही?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल," विलास म्हणाला. सुनंदाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. माझा चहा तसाच राहिला.

कॅसेट मागितली. म्हणाला, उतरवताना तुटली, फेकली. मी म्हटलं, मग न कापलेली फाइल दे. "ती उडवली, जागा भरली होती," हे इतक्या पटकन म्हणाला की मी ओळखलं. 'माल संपला' असं जो झटकन सांगतो, त्याच्या मागच्या खोलीत माल असतो. हा माणूस पहिल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड अजून जपून आहे. हा फाइल उडवेल? ग्रुपवर आपली वाहवा कमी होईल, कापणारा म्हणून नाव होईल, ही त्याची भीती आहे.

मला लोक विचारतात, तुझं घर कुठलं? सुरतेचं दुकान माझं आहे, घामाने उभं केलेलं आहे. पण घर विचाराल तर घोडपदेवचा तो जिना. तीन मजले, आणि वरून येणारा तंबोरा. तो जिना पाडून तिथे पार्किंग झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बिल्डरने जिना पाडला तरी तो त्या टेपवर उभा होता. तिथून तो विलासने पाडला.

आज रविवार. ग्रुपवर सकाळपासून उत्तरं येताहेत. कोणाच्या कानात जौनपुरी, कोणाच्या ललत. माझं उत्तर हे: गेले तीन रविवार माझ्या कानात ती अकरा मिनिटं आहेत, जी तुम्हाला त्या फाइलमध्ये मिळालेली नाहीत. क्रिस्टल क्लिअर म्हणणाऱ्यांनो, आता तुम्हीही ती मागा. नियम तुमचाही होता.

आणि विलास, ग्रुपवर, सगळ्यांसमोर बोल. फाइल कुठे आहे? नाना त्या सकाळी उठले नाहीत, त्याचं कारण त्यांनी मोठ्याने सांगितलं होतं आणि तू ते ऐकलं होतंस. आता तुझं कारण सांग.