धरणात उतरणारी वाट

माझा असल्या प्रकारांवर काडीचाही विश्वास नाही. खरं तर माझा कुणावरच पटकन विश्वास बसत नाही — देवळाबाहेर दोन चपला मी दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत काढतो! तेव्हा हे वाचून तुम्हीही माझ्यावर संशय घेतलात तर हरकत नाही.

पवनानगरच्या पुढे धरणाकाठी माझी कॅम्पसाइट आहे. ट्रेकसाठी हातात धरायचं जीपीएस वापरतो. वाटा स्वतः चालून त्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर बनवायचे आणि मेमरी कार्डावर टाकायचे. डिव्हाइसवर यादी येते. ज्याच्यापुढे टिक, तो नकाशा दिसतो. गेल्या उन्हाळ्यात त्या यादीत एक बिननावाचा नकाशा दिसला... मी न टाकलेला. त्यातली वाट काठावरून थेट धरणात उतरत होती आणि शेवटी एक खूण होती.

संशय अर्थातच रफिकवर. तो माझ्याकडे कामाला आहे, डिव्हाइस त्याच्याही हातात असतं.

"भाऊ, मला फोनात गाणी टाकता येत न्हाईत, नकाशे कुटनं टाकू?"

मी टिक काढली. सकाळी परत टिक. कार्डच काढून घेतलं — नकाशा तिथेच! कॉम्प्युटरला जोडून बघितलं, तर तशी फाइलच नाही.

आमची जुंपलेली असताना रफिकची मावशी, जैतूनमावशी, भाकऱ्या घेऊन आली. कॅम्पच्या भाकऱ्या तीच करते. स्क्रीन बघून तिने टोपली खाली ठेवली.

"ह्यो विहिरीचा वळसा... दादा, आमचं गाव हाय ह्ये. पान्यात गेलं त्ये. माज्या आईची कबर तितंच हाय. मी ल्हान हुते, परत कदी घावलीच न्हाई. एकदा फातेहा पडू द्या मला, तिच्यासाटी दुवा मागू द्या."

मावशी-भाचे मिळून मला गंडवतायत, असंच वाटलं. पण तिचं रडणं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पाणी बरंच आटलेलं, गाळाला भेगा. पुढे मी, मागे रफिकचा हात धरून मावशी. खुणेपाशी पोचलो तरी आमच्या चपला कोरड्या होत्या.

"डोक्याशी जात्याचा वरचा दगुड ठिवलता," मावशी म्हणाली. "दुसरं काय न्हवतंच आमच्याकडं."

रफिकही हे पहिल्यांदाच ऐकत होता. आम्ही हातांनी गाळ उकरला... आणि मधे भोक असलेला गोल दगड लागला. मावशीने त्यावर दोन्ही तळवे ठेवले. "आई," एवढंच म्हणाली. मग तिने फातेहा पढली. ती जागा मी माझ्या नकाशात सेव्ह केली.

त्या संध्याकाळी बिननावाचा नकाशा यादीतून गेला. माझी खूण मात्र राहिली. काही दिवसांनी, पाणी आणखी खाली गेल्यावर, तिथे दगड रचून ठेवायला मी आणि रफिक गेलो. थोडं चालतो न चालतो तोच समोर खोल पाणी! स्क्रीनवर माझी खूण त्याच्या मध्यावर. तिथे होडीत एक मासेमार होता, त्याला विचारलं.

"हितं? हितलं पानी कदीच आटत न्हाई. लय खोल हाय."

रफिक माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. दुसरा काहीतरी लपवतोय, असं दोघांनाही वाटत होतं. अजूनही वाटतं.

मावशीला आम्ही काही सांगितलेलं नाही. ती खुशीत आहे. काल विचारत होती, "पुडच्या उन्हाळ्यात न्याल न्हवं, दादा?"

मी हो म्हणालो. कुठे नेणार, मला माहीत नाही.